रिनाबायची एकोणीस ताटं

अन्याय झाला तो रिनाबायवर. गेल्या चोवीस डिसेंबरला, बुधवारी, सकाळी सव्वादहा ते दुपारी पावणेदोन. तेवढ्या वेळात आमच्या वाडीतल्या एकोणीस घरांनी तिचं नाताळाचं ताट दारातून परत पाठवलं. एकोणीसच्या एकोणीस घरांनी. सातवं घर आमचं होतं.

वेळ एवढी नेमकी लिहिते याला कारण आहे. आमच्याकडे असल्या गोष्टी ‘काय तरी झाला हुता वाटता’ अशा बोलीने पुसल्या जातात. पाच-सहा वर्षं पत्रकं लिहून मी एक गोष्ट शिकले आहे: तारीख नसलेली तक्रार ही नुसती कुरकुर असते.

रिनाबाय मिशनरी आहे. हेही आधीच लिहून टाकते, म्हणजे तुमच्या कानाशी लागून ‘ती मिशनरी आसा, म्हायत आसा मा?’ असं सांगायला येणाऱ्याचे श्रम वाचतील. ती मूळची मिझोरमची. खरं नाव लालरिनपुई, पण ते आमच्या वाडीच्या जिभेवर पूर्ण कधी चढलं नाही. तिच्या चर्चने तिला इकडे मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून पाठवलं. तिथे इनास हात कापून आला. इनास होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, हात कापणं हे त्याच्या धंद्यातच आहे. पण महिन्याभरात तिसऱ्यांदा हात कापून आला तेव्हा तिला संशय आला. “चौथ्या वेळेक येव नको,” ती म्हणाली, “तसोच येवन काय ता सांग.” इनासने सांगितलं. पुढे दवाखाना बंद पडला, मिशनची बाकीची माणसं परत गेली, आणि रिनाबाय आमच्या वाडीत इनासच्या घरी राहिली.

इनासचं घर कॅथलिक, ती दुसऱ्या पंथाची. तिच्याकडे मूर्तीपुढे गुडघे टेकत नाहीत. सासूबाईंनी गोठ्याच्या देखाव्यात बाळ जेजू, म्हणजे येशू, ठेवला की सगळे गुडघ्यावर जात, ही बाजूला हात जोडून उभी. सासू नातालिन, ऐन नाताळात जन्मली म्हणून ते नाव. तिने पहिल्या वर्षी सुनेला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, “माझो जेजू आनी तुझो जेजू येगळो आसा काय गो?”

“नाय.”

“मगे उबी रवतंस कित्याक? गुडगे नको तर नको. नेवऱ्यो वळूक बस.”

त्या घरात धर्मावरची चर्चा झाली ती एवढीच. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. रिनाबाय त्या वळायला बसली ती अजून उठलेली नाही.

तिच्या गावचा नाताळ वेगळा. तिकडे सगळं गाव एके ठिकाणी जेवतं, उघड्यावर मोठाल्या चुली पेटतात, ढोलाच्या तालावर गाणी दिवसच्या दिवस चालतात. इकडच्या पहिल्या नाताळाला तिने नवऱ्याला विचारलं, “गाव खंय जेवता?” इनास म्हणाला, “आपापल्या घराकडे. आनी खंय?” ती पडवीत जाऊन बराच वेळ बसली. तेव्हा नातालिनने तिच्या मांडीवर एक भरलेलं ताट ठेवलं आणि सांगितलं, “आमचो नाताळ बसान नाय होणा. तो पायान चलता. ऊठ.”

वाडीत ख्रिस्ती घर एवढं एकच. बाकी एकोणीस आम्ही. दिवाळीला आमचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळाला त्यांचं आमच्याकडे येतं. नेवऱ्या, नारळ-गुळाचं दोदोल, केकचा तुकडा, वर विणलेला रुमाल. आणि एक नियम, जो कोणी कोणाला शिकवत नाही कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो: दुसऱ्याचं ताट रिकामं परत पाठवायचं नाही. मूठभर साखर घाला, नारळ घाला, काहीच नसेल तर जास्वंदीचं फूल घाला. रिकामं ताट परत येतं ते फक्त सुतकाच्या घरातून.

रिनाबायला हे कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला एकोणीस ताटं आली. तिने फराळ डब्यात काढला, ताटं चिंच लावून घासली, आरशासारखी केली, आणि हसत हसत घरोघर रिकामी देऊन आली. तिसऱ्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले होते, तिथली सून ताट हातात घेऊन रडायलाच लागली. बातमी नातालिनकडे सुनेच्या आधी पोचली.

“काय करून इलंस गो? एकोणीस घरांक सुतक लावन इलंस.”

दुसरी एखादी चार दिवस तोंड लपवून बसली असती. ही दुसऱ्या दिवशी सकाळी परसातले नारळ उतरवून घेऊन पुन्हा एकोणीस घरी गेली. प्रत्येक दारात तेच वाक्य. “माका म्हायत नव्हता. आता म्हायत झाला.” आणि नंतर प्रत्येक बाईला एकच प्रश्न: तुमच्यात ताटात काय घालतात, काय चालत नाही, कधी चालत नाही? एवढं विचारून ती थांबली नाही, वहीत उतरून घेतलं. आमच्या आईने त्या दिवशी सांगितलेलं ती आजही पाळते. आई स्वतः विसरली आहे.

ती ताटं एका वेळी एकच नेते, हे विशेष लिहायला हवं. इनासने एकदा मोठी परात काढून दिली होती, एका फेरीत पाच ताटं होतील म्हणून. तिने परात परत ठेवली. “पाच ताटा घेवन गेलंय तर मी वाटूक इल्लंय. एक घेवन गेलंय तर तुझ्याकडे इल्लंय.” एकोणीस घरं, एकोणीस फेऱ्या. वाळूतून, पाणंदीतून, चपला हातात धरून. कोणी म्हटलं, दमलीस, तर तिचं ठरलेलं उत्तर: “घाई नाय. पण थांबूचा पण नाय.” सुजलेल्या पायाला पट्टी बांधतानाही ती हेच म्हणते. आमची अर्धी वाडी ते तिच्या आवाजात म्हणून दाखवते.

तिने पहिल्याच नाताळाच्या ताटात आपल्या माहेरचा एक जिन्नस घातला होता. चिकट तांदूळ कुटून, गूळ घालून, केळीच्या पानात बांधून उकडलेली पुडी. पुडी बघून वाडी हबकली. तिच्या मुलखात डुक्कर खातात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पानात बांधलेली वस्तू उघडल्याशिवाय कळत नाही. उघडली कोणीच नाही. आमच्या घरी ती पुडी दोन दिवस कुंपणाच्या दगडी गडग्यावर पडून होती.

तिला कळलं. दुसऱ्या वर्षी नाताळाच्या तीन दिवस आधी तिने चूल घरातून काढून दारापुढच्या खळ्यात मांडली, वाटेच्या तोंडाला, नवीन टोप आणून. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघणार अशी. कोणी रेंगाळलं की म्हणायची, “बगा. तांदूळ. गूळ. पान. झाला.” तिसऱ्या दिवशी आमची आई तिथे उभी राहिली, एक पुडी उघडून तिथेच खाल्ली आणि निकाल दिला, “ह्या आमच्या पातोळ्यांचा चुलत भावंड.” तेव्हापासून वाडीत त्या पुडीची वाट बघितली जायची.

आणि तिचं कॅलेंडर. तिच्या स्वयंपाकघरात येशूच्या चित्राशेजारी तिथीवार छापलेलं मराठी कॅलेंडर लटकतं, आणि ते तिच्याइतकं वाडीत कोणी बघत नाही. नाताळ मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आसपास आला तर केकात अंडं नाही. एकादशी असेल त्या घरी ताट दुसऱ्या दिवशी. एका वर्षी संकष्टी आली, तर ही चंद्रोदयाची वेळ बघून निघाली आणि आमच्या दारात येऊन आईला म्हणाली, “चंद्र इलो. आता खावा.” आई उपास धरायचाच विसरली होती. तिने तोंड पुसत ताट घेतलं. ज्या घरी सुतक असेल तिथे गोड जात नाही, पण तिची फेरी चुकत नाही. हात हलवत जायची, दहा मिनिटं बसायची, पाणी मागून प्यायची, यायची.

आता तो प्रश्न, जो तुमच्या मनात आहे. धर्माचं बोलायची का? बोलायची. विचारलंत तर.

बाळाने विचारलं होतं. बाळा आमच्या वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष, माझ्याबरोबर जमीन वाचवायच्या आंदोलनात असतो. जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या तळहातात आरपार गेला. शिंगाळ्याचा काटा आत मोडला की हात कुजतो. रिनाबायने तो पडवीत बसवून काढला, मी हात धरला होता. वेदनेने बाळाचं तोंड सुटलं. “रिनाबाय, आता माका किरिस्ताव करशात काय?”

“काटो काडतंय. गप बस.”

“नाय, पन तुमी त्येच्यासाठीच इल्ल्यात मा हय?”

तिने काटा काढला, जखम धुतली, मग त्याच्याकडे नीट बघितलं. “त्येच्यासाठीच इल्लंय. माझ्या जेजूबद्दल तू विचारशीत तेवा सांगतलंय, बसान, सगळा. तू नाय विचारलंस तर हात धुवन पट्टी बांधतलंय. दोनीय माझा कामच. आता विचारतंस?”

“नको,” बाळा म्हणाला. “दुकता.”

“मगे पट्टी.”

चौदा वर्षांत आमच्या वाडीतल्या एकाही घराने धर्म बदललेला नाही. हे मी तिच्या बचावासाठी लिहीत नाही. उद्या एखाद्याने बदलला तर तो त्याचा प्रश्न आहे, सज्ञान माणसाचा. मी स्वतः कुठलाच देव मानत नाही आणि हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. एकदा मी तिला तोंडावर म्हटलं होतं की प्रार्थनेने काही होत नाही. ती पापलेट साफ करत होती. म्हणाली, “बरा. तू पत्रका लिव, मी प्रार्थना करतंय. कोनाचा आदी काम होता ता बगूया.”

पत्रकावरून मूळ गोष्टीकडे येते. इथे माझं नाव येतं आणि ते टाळता येण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीला, वाडीच्या माथ्यावरची जमीन विकत घेऊ बघणाऱ्या एका हॉटेलवाल्या कंपनीने घरोघर मिठाईचे डबे पाठवले. मी पत्रक काढलं. त्यातलं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं: ‘आज मिठाई घ्याल, उद्या जमीन द्याल.’ दोन दिवसांत डबे कंपनीच्या शेडच्या दारात परत गेले, न उघडता, एकावर एक रचून. रिनाबायही आपला डबा घेऊन आली होती, इनासच्या आधी. डबा ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवला. “कागद बरो लिवलंस.”

दोन महिन्यांनी, बावीस डिसेंबरला, वाडीत दुसरं पत्रक फिरलं. खाली मंडळाचं नाव. मजकूर माझाच, जवळजवळ ओळीला ओळ. फक्त वाक्य असं: ‘आज ताट घ्याल, उद्या धर्म द्याल.’

मी बाळाला गाठलं. “बाळा, ह्या माझा वाक्य.”

“मगे? तूच सांगतंस मा, चांगला वाक्य चळवळीचा असता.”

“ती कंपनी आसा काय रे? चौदा वर्सां ताट खातंस तिचा.”

“तेवा कळाक नव्हता. आता लोकांक पटला. डबे परत करूक तू शिकवलंस, आमी शिकलंव.”

“तुझो हात कोनी बरो केलो?”

त्याने हात खिशात घातला. “हाताचो प्रश्न येगळो. हो तत्त्वाचो प्रश्न.”

उत्तराचं पत्रक मी त्याच संध्याकाळी काढू शकले असते. काढलं नाही. जमिनीच्या प्रकरणाची कणकवलीला सुनावणी होती, वाडी एकत्र दिसायला हवी होती, फूट नको, असा हिशेब केला. नंतर बघू म्हटलं. ज्या माणसाचं ताट परत जाणार असतं त्याला ‘नंतर’ नसतो, हे मला पत्रकं लिहून कळलेलं नव्हतं.

चोवीसला सव्वादहाला ती निघाली. नीळ घातलेली पांढरी साडी, हातात पहिलं ताट. पत्रक तिने वाचलं होतं. इनास म्हणत होता, यंदा राहू दे. तिने त्याला सांगितलं ते त्याने मला नंतर सांगितलं, शब्दाला शब्द: “नको म्हनूचो तेंचो हक्क आसा. पन माझ्या तोंडाकडे बगान म्हनू देत. घरात बसान मी तेंका सोपा करून देवचंय नाय.”

पहिल्या घराने हात जोडले, यंदा नको. ती ताट घेऊन घरी परतली, ते ठेवलं, दुसरं घेतलं, दुसऱ्या घरी गेली. तिथे नको. परत घरी. तिसरं. पाणंदीतून ती ताट घेऊन जाताना दिसायची आणि तेच ताट घेऊन येताना. चौथ्या घरापर्यंत सगळ्या वाडीला कळलं होतं की ती येणार, आणि आपल्यालाही तिच्याकडे बघून बोलावं लागणार. दोन घरांनी दारं लावून घेतली. ती पायरीखाली उभी राहिली, दार उघडेपर्यंत. उघडलं. नको म्हणाले. ती “बरा” म्हणाली आणि गेली.

आमच्या दारात आली तेव्हा मी पडवीत बसलेली होते. आई पुढे झाली. “रिना, यंदा नको गो. मंडळाचा ठरला हा.”

“तुमका नको, काय मंडळाक?”

आई उंबऱ्याजवळचं पायपुसणं पायाने सरळ करू लागली. रिनाबाय थांबली. मग म्हणाली, “म्हनाक व्हया, वयनी. ऐकल्याशिवाय कशी जाव?”

“नको,” आई म्हणाली.

“बरा.”

वळताना तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली असावी, दोन श्वास. मी, जी मोर्च्यात माइक सोडत नाही, ती पडवीच्या लाकडाचा ढलपा सोलत बसले. मग ती आठवं ताट आणायला घरी गेली.

बाळाचं घर शेवटचं. तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, कारण तोवर सगळे आपापल्या खळ्यात उभे होते. बाळाने हात जोडले. जोडलेल्या हातावर शिंगाळ्याचा व्रण. ती म्हणाली, “बोटां नीट वळतत मा?” त्याने मान हलवली. “व्यायाम सोडू नको,” म्हणाली, आणि एकोणिसावं ताट घेऊन परत फिरली. पावणेदोन वाजले होते.

नंतरचं वर्ष सरळ सांगते. ती कोणाशी बोलायची थांबली नाही. पट्ट्या बांधायची थांबली नाही. बांधून घ्यायला लोक जात होते, कारण पट्टीवर मंडळाने काही ठरवलेलं नव्हतं. सुनावणी आम्ही हरलो नाही, जिंकलोही नाही, पुढची तारीख मिळाली. मी वाडीची जी एकी वाचवली ती तेवढ्यासाठी. आणि या दिवाळीला तिच्याकडे एकही ताट गेलं नाही. लाजेपोटी गेलं नाही, एवढं मी वाडीच्या बाजूने म्हणू शकते. गेलं असतं तर ते तिच्याकडून भरून परत आलं असतं, आणि मग घ्यावं लागलं असतं. आईने ताट भरलं होतं. दोन दिवस ते फडताळात झाकून होतं. तिसऱ्या दिवशी त्यातल्या चकल्या मीच खाल्ल्या.

परवा कणकवलीला एसटी स्टँडवर ती दिसली. बाकावर बसली होती, पायाशी गुळाची ढेप, चिकट तांदळाची पिशवी, आणि मांडीवर डिसेंबरचं पान उघडलेलं कॅलेंडर. मला बघून सरकली, जागा केली.

“यंदा?” मी विचारलं.

“एकोनीस.”

“परत नको म्हटल्यानी तर?”

“तर परत घराकडे हाडतलंय. माझे हात काय झिजाक नाय.” मग बोट ठेवून दाखवलं. “ह्या बग. चोवीसाक गुरवार. मार्गशीर्षातलो. म्हंजे अंडा नाय. आनी सांजेक पूजा झाल्याबगर यवचंय नाय. आवशीक सांग, पूजा बेगीन आटप म्हनान.”

मालवण गाडी लागली. गर्दी उठली. तिने पिशवी खांद्याला मारली, ढेप काखेत धरली आणि चुरगळू नये म्हणून कॅलेंडर गुंडाळून डोक्याच्या वर धरलं. दारातल्या रेटारेटीत ती दिसेनाशी झाली. ते गुंडाळलेलं कॅलेंडर तेवढं सगळ्यांच्या डोक्यांवरून आत जाताना दिसलं.

माझ्या एका कागदाने हे सुरू झालं, म्हणून हा दुसरा कागद. वर्षभर उशिराने. तो वाडीच्या प्रत्येक घरात जाईल, बाळाच्याही. आणि ज्यांच्या वाडीत अशी एखादी रिनाबाय आहे त्यांच्याही हाती पडो.

मला तुमच्याकडून माफी नको, सभा नको, सलोख्यावर भाषण तर अजिबात नको. चोवीस डिसेंबरला, गुरुवारी, संध्याकाळची पूजा आटोपली की ती तुमच्या पायरीशी येईल, एकच ताट घेऊन. दार उघडं ठेवा. तिच्या तोंडाकडे बघा. ताट घ्या. आणि दुसऱ्या दिवशी घासून परत पाठवाल तेव्हा त्यात काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण रिकामं पाठवू नका.